पाच प्रश्न, एक उत्तर: तंजावरचे सरफोजीराजे



आजचा भाग जरा वेगळा आहे. तुमच्यापैकी बरेच जण सांगत असता, की एखादा भाग नुसत्या प्रश्नमंजूषेचा करा. इतिहास, शरीरशास्त्र, संगीत, राज्यकारभार, पुस्तकं, सगळं थोडं थोडं असू द्या. म्हटलं, चला करूया. प्रश्न काढायला बसलो आणि गंमत झाली. पाच विषयांचे पाच प्रश्न काढले, तर पाचही उत्तरं एकाच गावात, एकाच माणसापाशी जाऊन थांबली. मग ठरवलं की आज त्या माणसाबद्दलच बोलायचं.

आधी प्रश्न ऐका. कागद-पेन घ्यायचं असेल तर घ्या, गाडी चालवत असाल तर मनातल्या मनात उत्तरं द्या.

पहिला, इतिहास. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून एका मराठी राजाने भारतात एक बुरूज बांधला. तो कुठे आहे?

दुसरा, शरीरशास्त्र. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या दरबारात डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर चित्रांसह ठेवले जात होते?

तिसरा, संगीत. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, तो क्रम घालून देणारे चार भाऊ कोणाच्या दरबारात होते?

चौथा, राज्यकारभार. एका मराठी राणीने इंग्रज सरकारवर केलेला खटला कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. तो कोणता?

आणि पाचवा, पुस्तकं. इसापच्या गोष्टी मराठीत पहिल्यांदा कुठे छापल्या गेल्या? एक हिंट देतो: मुंबई नाही, पुणेही नाही.

उत्तर आलं का? गाव आहे तंजावर, आणि माणूस सरफोजीराजे भोसले, दुसरे सरफोजी.

आधी थोडी पार्श्वभूमी

तंजावरचे मराठे म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, सांबार. संभाजीराजे तंजावरला गेले, आमटीत आमसुलाऐवजी चिंच पडली आणि पाहुण्याच्या नावावरून 'सांबार' झालं, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर तुम्हाला दहा वेळा आली असेल. गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथा आहे, भक्कम पुरावा नाही. आणि वाईट असं, की या एका दंतकथेपाशी आपण थांबतो आणि पुढचे पावणेदोनशे वर्षांचे मराठी राज्य बघतच नाही.

तर थोडक्यात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. कावेरीच्या खोऱ्यातला सुपीक मुलूख, भाताचं कोठारच. तिथे भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती. म्हणजे पुण्याची पेशवाई १८१८ मध्ये संपली, साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली आणि तंजावर त्यानंतरही सात वर्षं टिकलं.

आता 'टिकलं' म्हणजे नेमकं काय, हाच आजचा खरा मुद्दा आहे. कारण गादी टिकली, पण राज्य टिकलं नाही.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. मुलगा भोसल्यांच्याच शाखेतला, पण राजाचा सख्खा मुलगा नव्हे. राजे तुळजाजी यांचे वारस राहिले नव्हते. १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. राज्याची अवस्था तेव्हा वाईट होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतलं होतं, ते १७७६ मध्ये परत मिळालं. नंतर हैदरअलीच्या फौजा येऊन गेल्या, गावंच्या गावं उजाड झाली.

तुळजाजी गेले आणि त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तक अशास्त्रीय आहे, असं पंडितांकडून वदवून घेतलं गेलं. कंपनीने ते मानलं आणि अमरसिंह राजे झाले. हा मुलगा वाड्यात जवळजवळ कोंडल्यासारखाच होता, शिक्षणाचीही आबाळ. त्याच्या पाठीशी उभा राहिला एक जर्मन मिशनरी, ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ. तुळजाजींनी मुलाला सांभाळायची विनंती त्यालाच केली होती. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आलं आणि तिथे त्यांचं युरोपीय पद्धतीचं शिक्षण झालं. इकडे पंडितांना पुन्हा विचारलं गेलं आणि या वेळी उत्तर उलट आलं, दत्तक शास्त्रोक्त आहे! १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना बाजूला केलं आणि सरफोजींना गादीवर बसवलं.

फुकट मात्र नाही. २५ ऑक्टोबर १७९९ ला तह झाला. मे महिन्यात टिपू पडला होता, दक्षिणेत कंपनीला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. तहाने तंजावरचा सगळा कारभार, वसुली, न्याय, फौज, कंपनीकडे गेला. राजाला काय राहिलं? तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि मुलखाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. वय वर्षं बावीस. सिंहासन आहे, छत्र-चामरं आहेत, पैसाही बरा आहे. नाही तो फक्त अधिकार.

आता विचार करा. अशा माणसाने पुढची तेहतीस वर्षं करायचं काय? त्या काळातले कितीतरी तनखेदार राजे शिकार, मेजवान्या आणि कर्जात बुडाले. सरफोजींनी काय केलं, ते आपल्या पाच प्रश्नांतून बघू.

प्रश्न पहिला: नेपोलियन आणि मनोरा

तमिळनाडूत पट्टुकोट्टैजवळ समुद्रकिनाऱ्यावर एक आठ मजली षट्कोनी बुरूज आहे. नाव ऐका, 'मनोरा'. शब्द आपलाच, मनोऱ्याचा. १८१४ च्या सुमारास सरफोजींनी तो बांधला. इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचं पतन, याची आठवण म्हणून. तिथे कोरलेल्या लेखांत मराठीही आहे. म्हणजे नेपोलियन हरल्याची बातमी दगडावर मराठीत कोरून ठेवलेली आहे, तीही बंगालच्या उपसागराच्या काठावर.

आता यात भारावून जाण्यासारखं किती आणि खटकण्यासारखं किती, ते तुम्ही ठरवा. मला तरी दोन्ही वाटतं. जगात काय चाललंय याची नीट खबर असलेला राजा, हे खरंच. पण ज्या कंपनीने आपलं राज्य घेतलं तिच्या विजयाचा बुरूज आपल्या पैशाने बांधायचा, ही खुशामतही होतीच. तनखा ज्याच्या हातात, त्याला खूश ठेवणं भाग होतं.

पण याच माणसाचं दुसरं काम त्याच्या शेजारी ठेवून बघा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत, दगडावर कोरलेला आहे. भिंतच्या भिंत भरून अक्षरं. देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो पुरा झाला डिसेंबर १८०३ मध्ये. तारीख लक्षात घ्या. त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली होती. त्याच डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला इंग्रजांशी तह केले. उत्तरेत मराठी सत्ता एकेक पाऊल मागे येत होती आणि दक्षिणेत एक बिनराज्याचा राजा आपल्या कुळाची कथा चोळांच्या मंदिरावर कोरून घेत होता. तलवारीने काही राहणार नाही, हे त्याला कळलं असावं. दगड राहील, अक्षर राहील, असा काहीसा हिशोब त्यामागे असावा, असं मला वाटतं.

प्रश्न दुसरा: डोळ्यांचे केसपेपर

आता शरीरशास्त्र. सरफोजींनी वाड्यात 'धन्वंतरी महाल' नावाचा विभाग काढला. तिथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि युरोपीय वैद्यक, सगळ्यांना जागा होती. औषधं बनायची, रुग्ण तपासले जायचे, कशाने गुण आला त्याची नोंद व्हायची. वैद्यांनी पारखलेले नुस्खे पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. त्या ग्रंथमालेचं नाव 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ'. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच. मराठी राजाच्या नावाचं तमिळ वैद्यक!

पण सगळ्यांत विलक्षण आहेत ते डोळ्यांचे कागद. रुग्णाची माहिती, तक्रार काय, इलाज काय केला आणि सोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र. टिपणं काही इंग्रजीत, काही मोडीत. १८२० च्या दशकातली ही गोष्ट आहे. कॅमेरा अजून आलेला नाही. डोळ्यावर पडदा कुठे आहे, लाली कुठे आहे, हे दाखवायचं तर चित्रकारच लागणार. तंजावरचे चित्रकार देवांच्या मूर्ती सोन्याच्या वर्खाने मढवायचे. त्याच परंपरेच्या गावात कोणीतरी गरीब रुग्णाचा मोतीबिंदू रंगवत बसलं होतं.

मोतीबिंदूचं थोडं समजून घेऊ. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते गढूळ होतं, उजेड आत जाईनासा होतो. आपल्याकडे सुश्रुतापासून चालत आलेली पद्धत अशी, की सुईसारख्या शस्त्राने ते गढूळ भिंग जागेवरून ढकलून डोळ्याच्या आत खाली सारायचं. वाट मोकळी झाली की उजेड आत जातो. भिंगच गेल्यामुळे बारीक अक्षर दिसत नाही, पण आंधळा माणूस चालू-फिरू लागतो. धोका मोठा, कारण ते भिंग डोळ्यातच राहतं, डोळा पिकू शकतो. फ्रान्समध्ये जाक दाविएल या डॉक्टरने १७४७ मध्ये भिंग बाहेर काढून घ्यायची शस्त्रक्रिया केली, तिथून युरोपची वाट बदलली. तंजावरात या दोन्ही परंपरा एका छपराखाली आल्या होत्या.

इथे एक दुरुस्ती करतो. 'सरफोजी स्वतः डोळ्यांची ऑपरेशनं करायचे' असं तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. त्या कागदांत मॅकबीन नावाच्या इंग्रज डॉक्टरचा उल्लेख येतो. म्हणजे हे एकट्या राजाचं काम नव्हतं. राजाचं खरं श्रेय माझ्या मते वेगळं आहे. नोंद ठेवायची, चित्र काढायचं, कागद जपायचा, ही शिस्त त्याने लावली. म्हणून तर आज आपण त्याबद्दल बोलू शकतोय.

शरीराची रचना शिकण्यासाठी मानवी सांगाडाही त्यांनी मिळवला होता. पण खऱ्या हाडांना हात लावणं धर्माला धरून नव्हतं, म्हणून कोरून घडवलेला सांगाडा. काही लोकांना हे हास्यास्पद वाटेल. मला तर उलट वाटतं. घरचे रिवाज मोडता येत नाहीत आणि शिकायचं तर आहे, मग वाट काढली.

प्रश्न तिसरा: चार भाऊ आणि एक बँड

संगीत. चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू, हे ते चार भाऊ. 'तंजावर चौकडी' म्हणून प्रसिद्ध. सरफोजींच्या आणि नंतर त्यांचे चिरंजीव दुसरे शिवाजी यांच्या काळात ते तंजावर दरबाराशी जोडलेले होते. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. आज पुण्यात किंवा डोंबिवलीत तुमची मुलगी भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला ज्या क्रमाने नाचते, तो क्रम या चौघांनी बसवला. यातला वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात.

आणि व्हायोलिनला परकं न मानणारं वातावरण तंजावरात होतंच. सरफोजींनी युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला होता, पाश्चात्त्य संगीताचे कागद जमवले होते. आजूबाजूला तर काय, संगीताचा सुवर्णकाळच चालू होता. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती, तिघेही या काळातले, याच मुलखातले. त्यागराज तर तंजावरजवळच, तिरुवैयारूला राहायचे. राजाने दरबारात बोलावलं आणि त्यागराजांनी नकार दिला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी कोण जाणे, पण नकार देणारा गवई आणि त्याला शिक्षा न करणारा राजा, दोघंही लोकांना पटण्यासारखे होते, म्हणून ती गोष्ट टिकली.

मराठीचं काय? सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनांचा संग्रह आहे. आणि 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं एक मराठी नाटक आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी बाई, आपल्याकडची कुडमुडी समजा. तमिळ लोकनाट्यात ती नायिकेचा हात बघून तिच्या प्रियकराचं भविष्य सांगते. सरफोजींच्या नाटकात ही बाई काय सांगते? जगाचा भूगोल! खंड कोणते, देश कोणते. म्हणजे राजा मुलांना भूगोल शिकवायला निघालाय आणि वेष घेतलाय तमिळ लोकनाट्याचा, भाषा मराठी. शाळेत असा भूगोल शिकवला असता तर माझे दहा मार्क तरी वाढले असते.

एक गोष्ट जाता जाता. तमिळनाडूची हरिकथा ऐकलीत तर तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं सापडतील. तंजावरच्या रामदासी मठांतून आणि मराठी कीर्तनकारांकडून ती तिकडे गेली आणि पुढे तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिला तमिळ रूप दिलं. राजे गेले, पण दिंडी तिथे राहिली.

प्रश्न चौथा: मध्यरात्रीची घंटा आणि राणीचा खटला

आता राज्यकारभार. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रं बांधली होती. आपण अन्नछत्र म्हणतो ना, तेच. बहुतेक छत्रं राणीवशातल्या स्त्रियांच्या नावाने. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबाळ ही सरफोजींची लग्नाची राणी नव्हती, पण तिच्या नावाने त्यांनी छत्र उभारलं. तह झाल्यावर प्रश्न आला. मुलूख कंपनीचा झाला, मग या छत्रांना लावून दिलेल्या जमिनींचं उत्पन्न कोणाचं?

जानेवारी १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिनला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात छत्रांत काय काय चालतं ते बारकाईने सांगितलंय. ब्राह्मणापासून परैयांपर्यंत सगळ्या वाटसरूंना, जोगी, जंगम, बैरागी सगळ्यांना भात मिळतो. जे दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खात नाहीत त्यांना शिधा. म्हणजे जातीच्या भिंती होत्याच, त्या काही पडल्या नव्हत्या, पण उपाशी कोणी परत जात नव्हतं. छत्रात वेद शिकवणारे होते, पंतोजी होते, विषबाधा आणि रोगांवर इलाज करणारे वैद्य होते. वाटेत आई-बाप गेलेली पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली व्हायची. त्यांना तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी अंगाला तेल. तान्ह्यांना दूध. एखादी गरोदर बाई वाटेत अडली तर तिचं बाळंतपण तिथेच, आणि नंतर तीन महिने राहायची मुभा. वाटसरू मेला तर त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीने.

आणि हे ऐका. मध्यरात्रीपर्यंत वाढप चालायची. मग घंटा वाजवायची आणि पुकारा करायचा, की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर या.

या सगळ्यासाठी राजा विनवणी करतोय, लक्षात घ्या. हुकूम देत नाहीये, कारण हुकूम द्यायचा हक्कच राहिलेला नाही. या दानधर्मामुळे तंजावरच्या राजाला 'धर्मराजा' म्हणतात आणि तीच माझी सर्वांत मोठी पदवी, अशा आशयाचं तो लिहितो. फौज मागत नाही, न्यायालय मागत नाही. छत्रं मागतो. राज्य म्हणजे शेवटी काय, याचं उत्तर त्या पत्रात आहे असं मला वाटतं. लोकांवर हुकूम चालवता आला नाही तरी चालेल, पण रात्रीच्या त्या घंटेनंतर पुकारा करणारं कोणीतरी पाहिजे. छत्रांचा कारभार राजाकडे राहिला.

आता खटला. सरफोजी १८३२ मध्ये गेले. दुसरे शिवाजी गादीवर आले आणि १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता वारले. डलहौसीचा काळ. कंपनीने गादी तर संपवलीच, शिवाय वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई साहेब गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला: राज्य घेतलंत, पण आमची खासगी मालमत्ता कोणत्या हक्काने? आणि मद्रासला राणी जिंकल्या! पण अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं आणि १८५९ मध्ये निकाल फिरला. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, सार्वभौम सत्तेने राज्यकृत्य म्हणून केलेली ही जप्ती आहे. ती न्याय्य असो वा अन्याय्य, कोर्टाला तिच्यात पडायचा अधिकार नाही.

'सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाक्षीबाई' हा खटला 'ॲक्ट ऑफ स्टेट' शिकवताना अजून सांगतात. बघा, नातवाच्या वयाच्या विद्यार्थ्यांना राणीचं नाव माहीत असतं, पण ती मराठी होती, तंजावरची होती, हे बहुधा माहीत नसतं. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नाही हं, मेहेरबानी म्हणून.

प्रश्न पाचवा: पुस्तकं

सरस्वती महाल ग्रंथालय मुळात नायक राजांच्या काळापासूनचं. पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला निघाले, सोबत हजारोंचा लवाजमा. लोक काशीहून गंगाजल आणतात, यांनी त्याच्याबरोबर पोथ्या आणल्या. जी विकत मिळेल ती घेतली, जी मिळणार नाही ती लेखक बसवून उतरवून घेतली. या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या. लंडनहून पुस्तकं मागवली जायची. निवृत्त होऊन परत गेलेला टोरिन तिकडून ती पाठवायचा. आलेल्या पुस्तकावर राजा इंग्रजीत सही करायचा. त्या सह्या आजही दिसतात. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रुं याची माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी-शेजारी ठेवणारी चित्रंसुद्धा तिथे आहेत. घुबडासारखा माणूस, सिंहासारखा माणूस. मुलं तिथून हलत नाहीत.

आणि छापखाना. वाड्यातच देवनागरी टाइपाचा छापखाना होता, 'नवविद्याकलानिधी' नावाचा. तिथे १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर छापलं गेलं, 'बालबोध मुक्तावली'. सख्खण पंडित हे भाषांतरकार. तुलना करा. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी छपाई सुरू केली ती १८१७ मध्ये. म्हणजे लहान मुलांसाठीचं मराठी छापील पुस्तक मुंबई-पुण्याच्या कितीतरी आधी कावेरीकाठी निघालं होतं. मराठी मुद्रणाचा इतिहास शिकताना आपण श्रीरामपूर सांगतो, मुंबई सांगतो. तंजावर बऱ्याचदा तळटीपेत जातं.

या ग्रंथालयाचं पुढे काय झालं? इंग्रज न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी इथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० मध्ये लंडनला छापून आली. हे तेच बर्नेल, ज्यांनी यूल यांच्यासोबत 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध शब्दकोश केला. त्या सूचीने युरोपातल्या विद्वानांना तंजावरची खरी श्रीमंती कळली. आणि १९१८ मध्ये राजघराण्याने ग्रंथालय लोकांसाठी खुलं केलं. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत. मोठा वाटा संस्कृतचा, मग तमिळ, मराठी, तेलुगू. मराठीच साधारण तीन हजार.

मग उरलं काय?

थोडा हिशोब मांडू. गादी, १८५५ मध्ये संपली. राणी खटला हरल्या. मनोरा बांधून ज्यांना खूश केलं, त्यांनीच सगळं घेतलं. म्हणजे खुशामतीचा उपयोग शून्य. पण अक्षरं राहिली, केसपेपर राहिले, अलारिप्पू ते तिल्लाना राहिलं, पोथ्या राहिल्या. जे जे इतरांच्या हाती दिलं गेलं, ते ते वाचलं.

सरफोजींना संत करायची गरज नाही. कंपनीने बसवलेला राजा होता तो. त्याच्या पुस्तकांचा आणि वाद्यांचा पैसा शेवटी कावेरीच्या शेतकऱ्याच्या भातातूनच येत होता, आणि तो वसूल करणाऱ्या कंपनीवर राजाचं काही चालत नव्हतं. पण 'अधिकार नाही, तर मी काय करणार?' हे वाक्य आपण सगळेच रोज म्हणतो. ऑफिसात म्हणतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो. बावीस वर्षांच्या त्या मुलाला ते म्हणायचा पूर्ण हक्क होता. त्याने ते म्हटलं नाही, म्हणून मला तो आवडतो.

आणि एक काम अजून शिल्लक आहे, ते आपलं. तंजावरात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, ग्रंथालयात आहेत, तिथल्या तमिळ विद्यापीठातही आहेत. ते वाचायला दोन गोष्टी लागतात, मोडी लिपी आणि तंजावरची जुनी मराठी. तमिळनाडूत आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी आपल्याला ऐकायला वेगळी वाटते, क्रियापदं जुनी, शब्द तमिळ. कोणी भेटलं तर हसू नका, नीट ऐका. आणि तुमच्यापैकी कोणी मोडी शिकत असेल, तर सराव म्हणून पुन्हा पुन्हा तीच छापील पुस्तकं वाचण्यापेक्षा एकदा तंजावरचा रस्ता धरा. चेन्नईहून रेल्वे आहे, रात्री बसलात की सकाळी पोहोचता.

गेलात, तर बृहदीश्वराचं शिखर बघून लगेच परत फिरू नका. भिंतीवरचा मराठी लेख शोधा. मग वाड्यात जाऊन ग्रंथालयाचं संग्रहालय बघा आणि जॉन फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा बघा, हात जोडून उभा आहे. तिथून श्वार्ट्झच्या चर्चमध्ये जा. तिथेही फ्लॅक्समनचंच शिल्प आहे, सरफोजींनीच करवून घेतलेलं. त्यात मरणासन्न श्वार्ट्झचा हात तरुण राजाने हातात धरलाय.

तर मंडळी, पाचपैकी किती आले? खरं खरं सांगा. मला स्वतःला, हा भाग तयार करण्याआधी, दोनच आले असते.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात जुने मोडी कागद असतील, तर माळ्यावरून काढा, वाळवी लागली नाही ना ते बघा आणि आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, नमस्कार!